नाटकही करतो, चित्रंही काढतो. एक सोडू का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका मुलानं विचारलंय : "आर्ट टीचर डिप्लोमा झालाय. गावच्या जत्रेतल्या नाटकात दरवर्षी काम करतो, मंडळाचे पडदेही मीच रंगवतो. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नको, एक काहीतरी धर. बाई, नट आणि चित्रकार अशी दोन्ही कामं आयुष्यभर केलेला कुणी आहे का? आणि पडदे रंगवणं चित्रकलेत धरतात का?"

बाळा, मी बेळगावात शाळेत चित्रकला शिकवली आणि हौशी रंगभूमीवर कामं केली. दोन्ही अजून सुटलेलं नाही. म्हणून तुला सरळ सांगते. यातलं एकही सोडू नको, पण दोन्हींना सारखा वेळ द्यायच्या फंदातही पडू नको. चित्र रोज काढायचं आणि नाटक त्याच्या हंगामात करायचं. बरेच जण नेमकं उलटं करतात. नाटक हेच आपलं खरं काम, चित्र म्हणजे तालीम नसेल त्या संध्याकाळचा विरंगुळा, असं धरून चालतात. मग दहा-बारा वर्षांनी नाटकाची बोलावणी कमी होतात आणि तोवर हातही बोजड झालेला असतो.

दोन्ही कामं आयुष्यभर केलेला माणूस शोधायला तुला फार लांब जायला नको. कोल्हापूर आपल्यापासून सुमारे ११० किलोमीटर. तिथले चंद्रकांत मांडरे. मूळ नाव गोपाळ, चंद्रकांत हे सिनेमातलं नाव. १९१३ चा जन्म, २००१ मध्ये गेले. व्ही. शांतारामांच्या 'शेजारी'त (१९४१) ते होते. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'त तर त्यांनी महाराजांचीच भूमिका केली. त्यांचे धाकटे भाऊ वामन म्हणजे सूर्यकांत, 'साधी माणसं'मधले. तेही चित्रं काढायचे. एका घरातले दोन भाऊ, दोघेही मराठी पडद्यावरचे नायक आणि दोघांच्याही हातात ब्रश. आपल्या भागातल्या जुन्या लोकांना हे दोघे नट म्हणून पाठ आहेत. चित्रकार म्हणून त्यांना ओळखणारे फार थोडे, आणि मला याची खंत वाटते.

चंद्रकांतांचं राजारामपुरीतलं घर, 'निसर्ग', त्यांनी आपल्या चित्रांसह शासनाला दिलं. आज ते चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय म्हणून चालतं. तिथं जाऊन ये, आणि घाईनं नको, अख्खा दिवस काढून जा. त्यांची ओळख झाली ती पावडर शेडिंगमधल्या निसर्गचित्रांनी. या पद्धतीत कोरडी रंगाची पूड कागदावर बोटांनी, कापसानं, कापडाच्या बोळ्यानं चोळून बसवतात आणि जिथं उजेड हवा तिथं रबरानं रंग उचलून घेतात. ब्रशचे फटकारे दिसत नाहीत. धुकं, लांबचे डोंगर, संध्याकाळचं पाणी यांना हे माध्यम फार मानवतं. पण चुकीला जागा कमी. एकदा पूड कागदाच्या रवाळपणात जाऊन बसली की रबरानंही मूळचा पांढरा पुरता परत येत नाही. म्हणून उजेड कुठं राखायचा ते आधी ठरवावं लागतं.

तिथल्या भिंतींसमोर उभा राहिलास की एक गोष्ट ध्यानात घे. ज्याचा चेहरा महाराष्ट्रभर ओळखीचा होता, तो माणूस झाडं, ओढे, टेकड्या काढत बसला. आपल्या गाजलेल्या भूमिकांची चित्रं काढून विकणं त्यांना सहज जमलं असतं आणि हातोहात खपलीही असती. त्यांनी अशी चित्रं निवडली की ती बघायला नटाची ओळख लागू नये. नटानं चित्रकार व्हायचं ते असं, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला 'हा आपल्या जत्रेतला संभाजी' हे माहीत नसलं तरी चित्र पुरं वाटलं पाहिजे.

आता वयाचं बोलू, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा तिथं आहे. नटाचं वय आणि चित्रकाराचं वय एका दिशेनं चालत नाही. नटाला विशीत नायकाची भूमिका मिळते, चाळिशीनंतर थोरल्या भावाची, मग बापाची. प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या कुणीतरी बोलवायची वाट बघायची. बाईचं तर त्याहून लवकर होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर नायिका, मग वहिनी, मग थेट आई, आणि मधली वर्षं कुठं गेली ते कळलंही नाही. आपल्या भागातल्या गावनाटकांत स्त्री कलाकार बाहेरून मागवायची रीत असल्यानं स्थानिक बाईला तर ती मधली भूमिकासुद्धा मिळणं अवघड. चित्रानं मला माझं वय कधी विचारलं नाही. उलट पन्नाशीनंतर माझा हात जास्त स्वच्छ चालायला लागला, कारण काय सोडायचं ते कळू लागलं. म्हणून म्हणते, चित्राची सवय आत्ता लाव. तुला नाटकाची कामं भरपूर मिळतात त्याच वर्षांत लाव.

असा आणखी एक माणूस आहे. अमोल पालेकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. चित्रकार म्हणून सुरुवात केली, बँकेत नोकरी केली, सत्यदेव दुबे यांच्यासोबत प्रायोगिक रंगभूमीवर उभे राहिले. १९७४ पासून हिंदी सिनेमानं त्यांना घरोघरी नेलं. मग दिग्दर्शन, आणि उतारवयात पुन्हा कॅनव्हास. नाना पाटेकरांचं शिक्षणही जे. जे.च्याच उपयोजित कला विभागातलं. अशी नावं आणखीही आहेत. पण मांडरे आणि पालेकर या दोघांत मला एक साम्य दिसतं. चित्रकला ही त्यांनी प्रसिद्धीनंतर लावून घेतलेली शोभा नव्हती. दोघांकडेही ती आधीपासूनची शिकलेली विद्या होती. नाव झाल्यावर ब्रश हातात घेणारा आणि ब्रश हातात असताना नाव झालेला, यांच्या चित्रांत फरक पडतो आणि तो दिसतो.

तुझा दुसरा प्रश्न पडद्यांचा. पडदे रंगवणं चित्रकलेत धरतात का, असं तुला विचारावं लागतं याचंच मला वाईट वाटतं. कोल्हापूरच्या बाबूराव मिस्त्रींना सगळा देश बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्याच हातांनी पुढं सिनेमाचा कॅमेरा जुळवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श मंडळी काढली ती हुबळीत, आपल्या या पट्ट्यातच. त्या मंडळीचे चित्रकार पु. श्री. काळे. मंडळीनं गुंडाळत्या पडद्यांकडून तीन भिंतींच्या दिवाणखान्याकडं जायचं पाऊल टाकलं ते काळ्यांच्या भरवशावर. आणि मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे. मलप्रभेकाठचं हे गाव आजच्या बेळगाव जिल्ह्यातच येतं. तेव्हा पडदा, नट आणि गाणं यांची ही शिकवण तुला मुंबई-पुण्याहून उसनी आणावी लागत नाही. ती तुझ्या जिल्ह्याची आहे.

बेळगावच्या टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. नाटकाच्या संस्थेच्या छपराखाली चित्रकाराच्या नावाचं दालन! के. बी. सरांनी बेळगावात चित्रकारांची एक पिढी घडवली. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, जन्म बेळगावचाच, १९३५ चा. तिथं प्रदर्शन लागलं की न चुकता जा. चित्र कसं टांगतात, दोन चित्रांत अंतर किती ठेवतात, उजेड कुठून सोडतात हे बघायला तरी जा.

पडद्याची कारागिरी तू करतोसच, तरी दोन-चार गोष्टी पक्क्या कर. मांजरपाट आधी ताणून पाण्यानं भिजवून वाळव, नाहीतर रंग दिल्यावर आकसतो आणि खांबांच्या रेषा वाकड्या होतात. सरस पातळ ठेव. जाड सरसाचा पडदा गुंडाळला की तडे जातात आणि पावसाळ्यात त्याला बुरशीही लवकर धरते. सुताला खडू लावून चौकटी मार आणि मूळ रेखाटन चौकटीनं मोठं कर, नजरेच्या अंदाजावर सोडू नको. हे सगळे पेंटर सांगतील. पण पुढचं फक्त नट असलेला पेंटरच सांगू शकतो. पडद्यावरचा रस्ता लांब जाताना दाखवलास की त्यातली घरं आणि दारं लहान होत जातात. त्या पडद्याला चिकटून नट उभा राहिला की तो दारापेक्षा उंच दिसतो आणि सगळा भास एका क्षणात मोडतो. म्हणून पडद्याच्या खालच्या भागात दार, खिडकी, पायरी यांची मापं माणसाच्या उंचीची ठेव, आणि दिग्दर्शकाला आधीच सांग की पडद्याच्या चार-पाच फुटांच्या आत कुणी सरकायचं नाही. तूच नट असल्यामुळं तालमीत हे तुला दिसेल. बाहेरच्या पेंटरला प्रयोगाच्या रात्री दिसतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

रंग निवडताना दिवे कसले येणार ते आधी विचार. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात निळा मळकट होतो आणि फिका पिवळा पांढऱ्यात विरून जातो. हल्ली गावोगावी येणाऱ्या रंगीत एलईडी दिव्यांत तपकिरी, गेरू, मातकट रंग मेलेले दिसतात. नाटकाचे कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्यानं आणलेल्या शालूचा रंग आणि तुझ्या दरबाराच्या पडद्याचा रंग एकच झाला तर राणी भिंतीत बुडते. तुकडा रंगवून त्याच दिव्याखाली धर आणि मगच पूर्ण पडद्याला हात घाल.

आता एक धोका सांगते. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चित्रकार नट झाला की त्याला स्वतःचं चित्र दिसायला लागतं. आपण कुठं उभे आहोत, हात कुठल्या कोनात आहे, डावीकडून उजेड गालावर कसा पडतोय, हे सगळं तो तिसऱ्या रांगेतून बघितल्यासारखं बघतो. नाटक बसवताना हे वरदान आहे. मंचावर माणसं कशी पसरायची, कुणाची पाठ प्रेक्षकांकडं गेली तरी चालेल, रिकामी जागा कुठं ठेवायची, हे तुझ्याइतकं दुसऱ्याला कळणार नाही. पण प्रयोगात हा डोळा बंद करावाच लागतो. नाहीतर संवाद चालू असताना तू पोझ धरून उभा राहशील. समोरचा नट काय बोलतोय ते तुला ऐकूच येणार नाही. मी मुलांना सांगते, हालचाली पक्क्या होईपर्यंत चित्रकार राहा. त्यानंतरच्या तालमींत फक्त समोरच्याच्या डोळ्यांकडं बघ.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नट चित्रं काढतो तेव्हा त्याच्या चित्रात नाटक शिरतं. आभाळ नेहमी पेटलेलं, म्हातारी नेहमी रडवेली, झाड नेहमी एकटं. असं चित्र पहिल्या नजरेत टाळ्या घेतं आणि आठवडाभर भिंतीवर राहिलं की नकोसं होतं. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे साध्या गोष्टी काढणं. घागर, पायताण, गोठ्याचं दार, एसटी स्टँडवरचं बाकडं. त्यांच्यात काही घडत नाही, म्हणून तिथं फक्त रेषा, आकार आणि उजेड एवढंच उरतं.

तालमीला वही नेत जा. तुझा प्रवेश नसेल तेव्हा विंगेत बसून दुसऱ्यांच्या उभं राहण्याची झटपट रेखाटनं कर. चेहरे काढू नको, वजन काढ. कुठल्या पायावर भार आहे, राजा बसताना कंबर आधी जाते की खांदे, दारू प्यायलेला माणूस तोल कुठं सांभाळतो. एका हंगामात अशी वही भरली की तुझ्या चित्रातली माणसं जमिनीवर उभी राहू लागतील, आणि पुढच्या भूमिकेसाठी शरीराच्या कितीतरी लकबीही आयत्या मिळतील. दोन्ही कला एकमेकींना खऱ्या अर्थानं मदत करतात ती इथं.

एक काळजीही घे, गळ्याची. रंगाची पूड, टर्पेंटाइनची वाफ, थिनर, स्प्रे हे सगळं घशाला आणि छातीला लागतं. बंद खोलीत पडदा रंगवून त्याच रात्री प्रयोगाला उभं राहू नको. पडद्याचं काम प्रयोगाच्या बरंच आधी संपव. कोरडे रंग मिसळताना तोंडावर मास्क बांध, फडक्यानं भागत नाही. खोलीत वारा खेळता ठेव. पांढऱ्या आणि पिवळ्या रंगांच्या काही पुडी विषारी असतात, त्या हातानं कालवू नको आणि रंगाच्या हातानं डबा उघडून जेवायला बसू नको. पावडर शेडिंग शिकलास तर हे दुप्पट पाळ.

पोटाचं म्हणशील तर घरच्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्याशी भांडू नको. जत्रेच्या नाटकावर घर चालत नाही, आणि आपल्या गावांत चित्र विकत घेणारे अजून मोजकेच. डिप्लोमा आहे तर शिक्षकाच्या जागेसाठी प्रयत्न चालू ठेव, शिकवण्या घे. नोकरी म्हणजे कलेशी बेइमानी, असं कुणी म्हणालं तर अण्णासाहेब किर्लोस्करही सरकारी नोकरीत होते हे आठव. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेशोत्सवातले देखावे ही तुझ्यासारख्याचीच कामं आहेत. ट्रकवरच्या जिवंत देखाव्यात उभं कसं राहायचं हे नटाला कळतं आणि मागचा किल्ला कसा उठवायचा हे पेंटरला. तू मंडळाला दोन्ही देऊ शकतोस, तर मोबदला ठरवताना दोन्हींचा धर. मंडळ आपलंच असलं तरी साहित्याचा खर्च आगाऊ घे.

पाट्या रंगवायचं काम फ्लेक्स आल्यापासून आटलं, पण हातानं रंगवलेल्या अक्षराला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. शाळांच्या भिंती आहेत, हॉटेलांचे दर्शनी भाग आहेत. त्यासाठी कन्नड अक्षरांची वळणं नीट शिकून घे. कर्नाटकात दुकानांच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, म्हणजे पेंटरला दोन्ही लिपी सफाईनं यायला हव्यात. कन्नड येत असेल तर रंगमंचही दुप्पट होतो. कन्नड रंगभूमीवरचे नट एणगी बाळप्पा हे याच जिल्ह्यातले. स्वतःची नाटक कंपनी चालवली, २०१७ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेले. कन्नड कंपनी नाटकांचे जुने पडदे कुठं बघायला मिळाले तर सोडू नको. त्यांच्या दरबारातले लाल आणि सोनेरी आपल्याकडच्यापेक्षा वेगळे आहेत.

चित्रासाठी विषय शोधायलाही लांब जायची गरज नाही. तुझ्या खानापूरकडं तांबडी माती, दाट झाडी, मलप्रभेचं पाणी, जांबोटीकडचा चढ. गोकाक-सौंदत्तीकडं गेलास की काळी जमीन, उघडे खडक आणि कोरडा, कडक उजेड. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो, पण मी म्हणेन पावसाळ्यात त्याच्याकडं बघत बस आणि चित्र उन्हाळ्यात त्या खडकाचं काढ. एका जिल्ह्यात दोन तऱ्हेची माती आणि दोन तऱ्हेचा उजेड मिळणं हे चित्रकाराचं भाग्य आहे. एकच जागा मृगात, दिवाळीत आणि शिमग्यात अशी काढून बघ.

काढलेलं जपायला शीक. खानापूरच्या पावसात कागदाला डाग पडायला एक आषाढ पुरतो. चित्राच्या मागं तारीख, जागा, माध्यम लिही, चांगला फोटो काढून ठेव. काच चित्राला चिकटू देऊ नको, मधे माउंट, म्हणजे जाड कागदाची चौकट, घाल. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नको. प्रदर्शन करशील तेव्हा दारात नाटकाचे फोटो लावू नको. आलेले लोक आधी त्यातच रमतात आणि चित्रांकडं पाठ करून तुझ्याशी भूमिकांवर बोलत बसतात.

शेवटी तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस ते : पडद्यावर नाव घालायचं का? घालायचं. उजव्या कोपऱ्यात, खाली, प्रेक्षकाला खुपणार नाही पण जवळून वाचता येईल इतकं. नाव, गाव आणि साल. मंडळानं पैसे दिले म्हणजे कापड त्यांचं झालं, पण काम तुझं आहे. हे रंगवायला घ्यायच्या आधी बोलून ठेव, आणि पडदा दुसऱ्या गावाला भाड्यानं गेला तर त्यातलं काही तुला मिळणार का, तेही त्याच बैठकीत ठरव.